उसने ठोके

दुपारचे चार वाजायला दोन मिनिटं कमी होती आणि अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर मुंगी शिरायला जागा नव्हती. रुग्ण एक, नातेवाईक दोन, आणि बघे अख्ख्या इस्पितळाचे. हाडं मोडलेले कुबड्या टेकत आले होते, बाळंतिणींच्या आया आल्या होत्या, उपाहारगृहात भांडी घासणारा ओल्या हातांनीच आला होता. सगळ्यांच्या मधोमध, काचेला नाक लागेल इतक्या जवळ, नाडीबाबा उभे होते. अंगात पांढरी घोळदार कफनी, तेल लावून मागे वळवलेले केस, आणि चेहऱ्यावर नुकतंच पोटभर जेवून उठलेल्या माणसाची शांती.

"धरा माझी नाडी," बाबा म्हणाले आणि त्यांनी डावं मनगट रुग्णाच्या थोरल्या भावापुढे केलं. "लागते?"

"लागते, बाबा. टकटक लागते."

"लागणारच. हे ठोके माझे. आता हे मी आतल्या माणसाला उसने देतो. जोवर माझे ठोके त्याच्याकडे, तोवर माझी नाडी बंद. देह इथे, प्राण तिथे! कुणी हलू नका, कुणी शिंकू नका. ठोका वाटेत सांडला तर मी जबाबदार नाही."

उपाहारगृहवाल्याला शिंक येत होती, त्यानं नाक दाबून धरलं. बाबांनी डोळे मिटले, उजवा तळहात काचेला लावला, डावा दंड अंगाशी घेतला आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"थांबली!" थोरले किंचाळले. "नाडी थांबली! देवा रे, बाबांची नाडी थांबली!"

तेवढ्यात काचेआडच्या पडद्यावरची लाल रेघ हलली. दोन दिवस ती आडवी पडून होती. आता तिला एक बारीक उंचवटा आला, मग दुसरा, मग एकामागोमाग एक. बाहेर जो गलका झाला त्यानं काच थरथरली. लोक धडाधड बाबांच्या पायांवर पडले. ज्याच्या पायाला प्लास्टर होतं त्यानं निदान कुबडी टेकवली.

हे सगळं मी आतून बघत होते. खाटेपाशी उभी राहून, यंत्राच्या बटणावर हात ठेवून. कारण रेघ हलली होती ती मी बटण फिरवलं म्हणून.

इस्पितळात मला पंपवाल्या बाई म्हणतात. शस्त्रक्रियेत हृदय थांबवलं की रक्त फिरवायचं यंत्र चालवणं हे माझं काम. अठरा वर्षं तेच करते आहे. माझ्या पाया कुणी पडलेलं नाही आणि पडूही नये, चहा गरम मिळाला तरी मला पुष्कळ झालं.

खाटेवर होते टेलर मास्तर, वय वर्षं एकोणचाळीस. बाजाराच्या टोकाला तिघांचं दुकान. थोरले भाऊ कापड कापायचे, मास्तर शिवायचे, आणि मास्तरांची बायको काज-बटणं करायची. तिला आमच्या विभागात सगळे वहिनीच म्हणत. मास्तरांचं हृदय दोन वर्षांपासून ढिलं पडत चाललं होतं. आधी जिना सुटला, मग मशीनचं पायडल सुटलं, शेवटी बोलताना धाप लागायला लागली. मग एका अनोळखी घरानं, आपलं माणूस आता परत येणार नाही हे कळल्यावर, रडत रडत कागदावर सही केली आणि त्याचं हृदय मास्तरांना मिळालं. नियमाप्रमाणे त्या घराचं नाव कुणाला सांगत नाहीत. पाय धरायचे तर खरं त्यांचे धरायला हवे होते.

बर्फाच्या पेटीतून चार तास प्रवास करून आलेलं हृदय कधीकधी नव्या घरी लगेच कामाला लागत नाही. थरथरतं, पण रक्त फेकत नाही. त्याला सक्तीनं कामाला जुंपलं तर ते कायमचं बसतं. म्हणून त्याला काही दिवस विश्रांती द्यायची आणि त्याचं काम यंत्रानं करायचं. मांडीतल्या शिरेतून रक्त बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि पंपानं ते पुन्हा धमनीत ढकलायचं. पंपाची धार अखंड असते. नळाच्या धारेला ठोके असतात का? नसतात. म्हणून पडद्यावरची रक्तदाब दाखवणारी लाल रेघ आडवी.

हे मी वहिनींना पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

"ताई, हे यंत्र आता जन्मभर लावायचं का हो?" त्यांनी विचारलं होतं. हातात रुमाल नव्हता, कसल्याशा कापडाचं चिरगुट होतं, आणि त्याची कड त्या नखानं उसवत होत्या.

"छे हो! चार-सहा दिवस. तुम्ही मशीनवर घेण्याआधी कच्चा टाका घालता ना? तसं हे. पक्की शिलाई बसली की कच्चा टाका ओढून टाकायचा."

वहिनींच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "मास्तर शुद्धीवर आले की त्यांनाही हेच सांगा. त्यांना शिलाईतलं सांगितलं की लगेच पटतं."

मास्तर जागे झाल्यावर मी सांगितलं आणि त्यांना पटलंही. तोंडात नळी होती, तरी त्यांनी दोन बोटांनी दोरा ओढून दाखवला. मला माझ्याच हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं.

आता चारची गोष्ट. हृदय कामाला तयार झालंय की नाही, हे रोज बघावं लागतं. त्यासाठी यंत्राची धार काही मिनिटं कमी करायची. मग रक्त हृदयात भरतं. हृदय सावरलं असेल तर ते रक्त फेकतं, आणि आडव्या रेघेला उंचवटे येतात. डॉक्टर छातीवर यंत्र फिरवून आतलं चित्र बघतात. झालं की धार पुन्हा वाढवायची, कारण कमी धारेवर जास्त वेळ ठेवलं तर नळ्यांत रक्त गोठतं. चित्र बघणारे डॉक्टर आमच्याकडे येतात दुपारी चारला, म्हणून चाचणी चारला. विभागाच्या दारावर तशी पाटीच आहे: 'दुपारी चार ते सव्वाचार यंत्रचाचणी. नातेवाइकांनी काचेबाहेर थांबावे.' अक्षर माझं.

नाडीबाबांचं सगळं अंतर्ज्ञान त्या पाटीवर होतं. ते काचेतून माझा हात बघत. हात बटणाकडे गेला की ते डोळे मिटत. सव्वाचारला मी धार वाढवली की रेघ हळूहळू आडवी होई, आणि बाबा घाईनं काचेवरचा हात काढत. मग म्हणत, "बस्स! आता मागे घेतले. आणखी देत बसलो तर मीच जायचो." म्हणजे रेघ आडवी झाली म्हणून बाबा हात काढत, आणि लोकांना वाटे बाबांनी हात काढला म्हणून रेघ आडवी झाली.

आणि ज्या दिवशी रेघ हलणारच नसेल त्या दिवशी? त्याचीही सोय होती. डॉक्टर दुपारी बारा वाजता नातेवाइकांना खबर देतात. बाबा साडेबाराला येऊन थोरल्यांच्या पाठीवरून हात फिरवत विचारत, "काय म्हणाले रे डॉक्टर?" बातमी बरी असली की चारला ठोके. बातमी वाईट असली की बाबांचं मौन. पहिले दोन दिवस मौनच होतं. गर्दीला त्या मौनाचंही कौतुक.

शिवाय बाबा कुणाकडून काही घेत नसत. फुलंसुद्धा नाही. एवढी चांगली जाहिरात दुसरी नाही.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ज्यांनी हृदय बसवलं तेच हे. "सर, हा माणूस आपल्या चाचणीवर दुकान चालवतोय. त्याला मज्जाव करा."

ते हात धुवत होते. "अहो, बाहेर उभा राहतो, आत येत नाही. नातेवाइकांना धीर येतो. आपलं काय जातं?"

"त्यांना खरं काय ते सांगून तरी टाका."

"तुम्ही सांगा ना. मला पुढची शस्त्रक्रिया आहे."

मी सांगितलं. थोरल्यांना आणि वहिनींना खुर्च्यांवर बसवलं, कागदावर हृदय काढलं, पंप काढला, बटण काढलं. वहिनी मान डोलावत होत्या. थोरल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग कातरीनं कापावं तसं मधोमध कापलं.

"मॅडम, आतली रेघ तुमच्या बटणानं हलते, मान्य. मग बाबांची नाडी कशी थांबते? मी स्वतः धरलीय. जिवंत माणसाची नाडी थांबते कशी, तेवढं सांगा."

मला खरोखर माहीत नव्हतं. श्वास रोखून ती थांबत नाही, हे माहीत होतं. भूल पाडतो म्हणावं, तर थोरले डोळ्यांत तेल घालून बसलेले.

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

"बघा!" थोरले उठले. "जे तुमच्या पुस्तकात नाही ते त्यांच्यापाशी आहे."

एका गोष्टीचं उत्तर येत नाही, म्हणून बाकीची नऊ उत्तरं खोटी ठरली. मी त्या दिवशी घरी जाऊन पुस्तकं उघडायला हवी होती. शरीरशास्त्र मीही शिकले आहे. पण खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि रागात मी म्हटलं, जा, पडा पाया.

सहाव्या दिवशी यंत्र काढलं. हृदय उत्तम चाललं होतं. महिन्याभरात मास्तर चालत घरी गेले. निघताना मी त्यांना गोळ्यांचा डबा दाखवून पुन्हा पुन्हा बजावलं, "शरीराला हे हृदय परकं वाटतं, ते त्याच्यावर उठतं. त्या शरीराला आवरायला या गोळ्या आहेत. एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत." मास्तर हसून हो म्हणाले. मग आम्हा सगळ्यांच्या देखत थोरल्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "इथून पुढे बाबांच्या कफन्या आमच्या दुकानातून. बाबा, नमुन्याला एक जुनी पाठवून द्या, तश्शी शिवून देतो."

चौथ्या महिन्यात मास्तर परत आले, ते ढकलगाडीवरून. पाय सुजून खांबासारखे झाले होते, ओठ निळे. मी धावत गेले. त्यांनी मला ओळखलं.

"गोळ्या घेताय ना?" मी विचारलं.

ते थांबून थांबून बोलले. "सोडल्या. बाबा म्हणाले, गोळ्या खातोस म्हणून ते काळीज परकं राहिलंय. गोळ्या टाक, म्हणजे ते तुझं होईल. आणि बाई, तुम्हीच सांगितलं होतं की. पक्की शिलाई बसली की कच्चा टाका ओढून टाकायचा."

"अहो मास्तर, ते यंत्राचं होतं! गोळ्यांचं नव्हतं!"

"असं होय," ते म्हणाले, आणि चुकीच्या मापाचं कापड कापलं गेल्यावर माणूस हसतो तसं कसनुसं हसले. "मला वाटलं, सगळंच एक."

ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं. एक ढोंगी आणि एक हुशार बाई, दोघांनी मिळून त्यांच्या डोक्यात ते बसवलं होतं. बाबांनी वाट दाखवली आणि माझ्या उपमेनं तिच्यावर दिवा धरला.

पुन्हा यंत्र. पुन्हा मांडीतल्या नळ्या, पुन्हा आडवी लाल रेघ. रोज चारला मी धार कमी करायची आणि रोज रेघ आडवीच राहायची. शरीरानं ते हृदय आतून पोखरून टाकलं होतं. थोरले रोज बाबांच्या दाराशी जाऊन बसत आणि हात हलवत परत येत.

"काय झालं?" वहिनी विचारत.

"मौन आहे."

नवव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. वहिनींनी मास्तरांचा हात धरला. मी यंत्र बंद केलं. ते माझंच काम असतं. तशी वेळ माझ्यावर याआधीही आली होती, पण या वेळी बटण फिरवून झाल्यावर हात कुठे ठेवावा हे मला कळेना.

आणि मास्तर गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांचं मौन सुटलं! भरल्या बैठकीत ते म्हणाले, "मी दिलेले ठोके मी परत घेतले. त्या घरात अविश्वास शिरला होता. बायकोच नवऱ्याला चोरून गोळ्या चारत होती. जिथे संशय, तिथे माझे ठोके टिकत नाहीत."

वहिनी चारत होत्या, हे खरं होतं. गोळ्या कुटून दुधात घालायच्या. थोरल्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी डबाच गटारात ओतला. आता ज्या बाईनं एकटीनं त्याला वाचवायची धडपड केली, तिनंच नवऱ्याला खाल्लं असं घरात आणि बाजारात बोललं जाऊ लागलं. थोरले तिच्या हातचं पाणी घेईनात. बाबांची गर्दी मात्र दुप्पट झाली. जगला तर बाबांनी जगवला, मेला तर बायकोनं मारला. या धंद्यात तोटा म्हणून नाहीच.

दीड महिन्यानं वहिनी इस्पितळात आल्या, भर दुपारी, खांद्याला पिशवी अडकवून. पिशवीतून त्यांनी एक लांबोडकी वही काढली. दुकानाची मापवही.

"ताई, बगलेत काय असतं?"

"घाम," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. वही उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मास्तरांचं बारीक, नीटस अक्षर: 'नाडीबाबा. कफनी तीन नग. डावी बगल, आतून खिसा, लिंबाएवढा. तोंडाला रबराची पट्टी. नमुन्याप्रमाणे.'

"तिन्ही कफन्यांना," वहिनी म्हणाल्या. "नमुन्याला होता तसाच शिवला त्यांनी. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला, खिसा कशाला, असं विचारायचं नसतं. माणसं खिशात काय ठेवतात हे टेलरला आणि धोब्याला कळतं, पण दोघांनी तोंड उघडायचं नाही. मास्तरांच्या वडिलांची शिकवण. मी काल वही चाळत होते. मला वाटलं, खिसा माणूस हात पोचेल अशा जागी शिवून घेतो. बगलेत कोण घेतं?"

दंडाकडे जाणारी धमनी बगलेतूनच जाते! अठरा वर्षं मी धमन्यांत नळ्या घालणाऱ्यांच्या शेजारी उभी आहे, आणि मला ते सुचलं नव्हतं.

"वहिनी, पिशवीत दोऱ्याचा गुंडा आहे?"

होता. मी तो डाव्या बगलेत धरला आणि मनगट त्यांच्या हातात दिलं. "नाडी लागते?"

"लागते."

मी दंड अंगाशी घट्ट दाबला. गुंडा धमनीवर रुतला.

वहिनींची बोटं माझ्या मनगटावर इकडेतिकडे शोधत राहिली. मग थांबली. "गेली," त्या म्हणाल्या. मी दंड सैल केला. "आली."

त्यांनी गुंडा माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या बगलेत धरला आणि मी त्यांची नाडी बघितली. गेली. आली. एवढंच होतं सगळं. एवढ्यासाठी मास्तर गेले. वहिनींनी पदर तोंडात धरला आणि त्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. दुःखापेक्षा त्यात संताप जास्त होता, आणि मलाही तो होता.

त्याच आठवड्यात आमच्याकडे नवं हृदय बसवलेली एक कॉलेजातली मुलगी यंत्रावर होती. तिची आई पोस्टात कामाला, टपाल वाटणारी. बाबा साडेबाराला तिच्याही पाठीवर हात ठेवून गेले होते. मी या वेळी मोठ्या डॉक्टरांना विचारलं नाही, सांगितलं. "उद्याची चाचणी अकरा वाजता होईल. मुलीची आई आत खाटेपाशी उभी राहील." त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. चित्रवाल्या डॉक्टरांना मी फोन करतो." मास्तरांच्या नंतर त्यांचंही 'आपलं काय जातं' बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला मी टपालवाल्या बाईंसमोर बटण फिरवलं. रेघ हलली. परत उलट फिरवलं, आडवी झाली. बाबा तेव्हा कुठे होते देव जाणे, बहुधा अंघोळ करत असतील. साडेबाराला त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी 'बातमी बरी आहे' एवढंच सांगितलं.

चारला काचेबाहेर तीच गर्दी. थोरलेही होते, ते आता बाबांच्या मागे पिशवी धरून उभे राहत. बाबांनी डावं मनगट टपालवाल्या बाईंच्या हाती दिलं. "ठोका वाटेत सांडला तर मी जबाबदार नाही," वगैरे सगळं झालं. तळहात काचेला लागला. नाडी थांबली.

मी आत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होते. रेघ आडवीच.

बाबांनी एक डोळा किलकिला केला. पुन्हा मिटला. आणखी लांब सुस्कारा सोडला. रेघ आडवी.

"ठोके पोचत नाहीत," बाबा म्हणाले. "इथे कुणीतरी अविश्वासी आहे."

"मी आहे," गर्दीतून वहिनी म्हणाल्या आणि पुढे आल्या. थोरल्यांनी मान फिरवली. वहिनींनी टपालवाल्या बाईंपुढे आपलं मनगट धरलं. "बाई, एका हातात त्यांची धरलीय, दुसऱ्या हातात माझी धरा. लागते?"

"लागते."

"आता?"

टपालवाल्या बाईंचा चेहरा बदलला. "थांबली. हिचीही थांबली!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी घाईघाईनं वहिनींनाच हात जोडले. तसा त्यांचा तोल गेला.

"जोडू नका हात!" त्या ओरडल्या आणि बगलेतला दोऱ्याचा गुंडा काढून सगळ्यांपुढे धरला. "हे बघा! हे दाबलं की कुणाचीही नाडी थांबते. नाडी थांबली म्हणून ठोके दुसऱ्याला जात असते, तर मी माझ्या नवऱ्याला दिले नसते का? सगळे देऊन टाकले असते!"

"नवऱ्याला खाल्लेली बाई!" बाबा गरजले. "हिचं ऐकता? माझ्यापाशी असलं काही नाही."

"मग डावा हात वर करा, बाबा," वहिनी म्हणाल्या.

बाबांनी हात वर केला नाही. उलट दंड अंगाशी आणखी आवळला. तेव्हा थोरले हळूच पुढे आले. त्यांनी पिशवी खाली ठेवली. तीस वर्षं कापड चाचपणाऱ्या माणसाचा हात त्यांनी बाबांच्या बगलेखाली घातला, आणि खिशातून रबरी चेंडू निसटून फरशीवर टप्पे खात गर्दीच्या पायांत गेला.

"तो तुकडा मीच कापला होता," थोरले म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "नमुना समोर ठेवून. मला वाटलं, ताईत ठेवत असतील." मग ते वहिनींकडे वळले, पण वहिनींनी त्यांना सोपं करून दिलं नाही. त्या वही काखेत मारून जिना उतरून गेल्या.

बाबांनी गडबडीत काढता पाय घेतला. शेवट गोड नाही, हे सांगायला हवं. जिन्यात मी दोघांना बोलताना ऐकलं, "हा लबाड निघाला, पण खरे बाबा असतात हो." आणि ऐकते, की दुसऱ्या गावी बाबा आता डोळ्यांनी लोकांचा ताप उतरवतात. थोरले वहिनींशी बोलू लागले आहेत, पण त्या बोलण्याला आता काय अर्थ.

कुणी कुणाला हात जोडावेत, हे सांगायला मी बसलेली नाही. काचेबाहेर उभ्या माणसाला दुसरं काही करता येत नाही, हे मी रोज बघते. पण हात जोडताना डोळे मिटू नका. कुणी चमत्कार दाखवला, तर तो पुन्हा दाखवायला सांगा, तुम्ही म्हणाल त्या वेळी, तुम्ही म्हणाल तसा. आम्ही इस्पितळातली माणसं घाईत असलो तर आम्हाला अडवा आणि कळेपर्यंत विचारा. आम्हाला उत्तर येत नसेल तर 'येत नाही' असं आमच्याकडून वदवून घ्या, पण त्या रिकाम्या जागी कुणा बाबाला बसवू नका. आम्हीही उत्तर शोधायचा कंटाळा करता कामा नये, हे मी स्वतःला बजावते. आणि चालू असलेलं औषध बंद कर असं कुणी सांगितलं, मग तो कितीही शांत चेहऱ्याचा असो, आधी ते औषध लिहून देणाऱ्याकडे जा.

टेलर मास्तर एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांना मिळालेलं हृदय चांगलं होतं. ते चाललं असतं.